वाचणारा आवाज

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या कार्यालयात सगळ्यांचे संगणक एकाच खोलीतल्या सामायिक सर्व्हरवर चालत आणि त्या खोलीची किल्ली धाकट्याकडे असे. धाकट्या म्हणजे आक्काचा भाऊ. आक्का तिथंच मुद्रितं तपासायची. हे नाव तिनंच त्याला चिकटवलं आणि कार्यालयानं उचललं.

सर्व्हरवर नवी प्रणाली आली, तिच्याबरोबर न मागितलेली एक सोयही आली. फाईल उघडली की संगणक आपणहून ती मोठ्यानं वाचू लागे. चार टेबलांवर चार धडे, नुसता गलका!

बैठकीत धाकट्यानं विचारलं, "हा पोपट कुणाला हवाय? हात वर करा. नाहीतर ऐकायची हौस असेल त्यानं घरी बायकोचं ऐकावं!"

हशा पिकला. आक्काही हसली. हात एकही वर गेला नाही.

आता, आवाज आपोआप सुरू होऊ नये पण हवा त्याला लावता यावा, असं करता आलं असतं. मात्र त्यात अर्धा दिवस गेला असता. मुळासकट उपटणं दोन मिनिटांचं काम. त्यानं सगळ्यांसाठी उपटून टाकलं आणि शाबासकी मिळवली.

पुढं एके सकाळी साहेबांनी त्याला छापलेलं पान दाखवलं. पहिलीच्या धड्यात ढळढळीत चुका. "तुमची आक्का पाट्या टाकायला लागली की काय? उद्यापासून त्यांना गठ्ठे बांधायला बसवतोय."

धाकट्या तिच्या टेबलाशी गेला. ती कागद नाकाला लावून बसली होती. चाहूल लागताच तिनं तो झटकन खाली धरला. शेजारी हेडफोन गुंडाळून ठेवलेले.

"आक्का, तू ऐकून तपासत होतीस?"

"चूक कानाला खड्यासारखी लागते रे. डोळ्यांना आता लागत नाही."

"मग हात का नाही वर केलास?"

"सगळे खिदळत होते. त्यात मी म्हणू, मला दिसत नाही?"

दोघं रोज एका घरात जेवत. वाढताना ती वाटी चाचपायची आणि हा म्हणायचा, लक्ष कुठंय तुझं? ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला न जाता त्यानं ते अर्ध्या दिवसाचं काम केलं. आवाज बंदच राहिला, पण आता हवा त्याला लावता येत होता. साहेबांचा हुकूम मात्र तसाच होता.

"मी साहेबांना सांगतो, तुझे डोळे..."

"माझ्या डोळ्यांचं मी सांगेन. तू तुझ्या हातांचं सांग."

"आणि ते म्हणाले तर, अशी बाई मुद्रितं कशी तपासणार?"

"मग त्यांच्यासमोर पान तपासून दाखवीन." तिनं हेडफोन उचलले. "चल, हो पुढं."

त्यानं साहेबांच्या खोलीचं दार ढकललं. "साहेब, त्या चुका आक्काच्या नाहीत, माझ्या..."

मागून आक्कानं कोपरानं ढोसलं. "नीट सांग," ती पुटपुटली. "अर्ध्या माझ्या आहेत."