अंधारातली तीन प्रकरणं

एपिडायस्कोप हा शब्द कॉलेजात कुणाच्याच जिभेवर बसेना. शिपाई त्याला ‘डायस’ म्हणे, प्राचार्य ‘तुमचं ते यंत्र’ म्हणत, आणि पोरं सरळ सिनेमाची पेटी म्हणून मोकळी होत. पुस्तकातलं कुठलंही चित्र त्या पेटीच्या पोटात ठेवून दिवा लावला, की तेच चित्र भिंतीएवढं होऊन समोर येई. ही पेटी यावी म्हणून भूगोल शिकवणाऱ्या रत्नम्मा बिराजदारनं दोन वर्षं प्राचार्यांचं डोकं खाल्लं होतं. पुण्याला दृक्‌श्राव्य साधनांचं तीन आठवड्यांचं शिबिर करून आली, तेव्हापासून नुसत्या खडू-फळ्यावर शिकवणं तिला पाप वाटू लागलं होतं. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. शेवटी चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर पेटी आली. त्या दिवशी तिशीतली ही बाई शिपायाच्या बरोबरीनं खोकं उचलायला धावली होती.

तिचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा वर्ग सकाळी सातला भरे. दुपारी तीनला कारखान्यात पाळी धरणाऱ्यांसाठीच तो काढलेला. निम्मे विद्यार्थी मागावरचे, बाकीचे पोस्टातले, दुकानांतले, दोन-तीन प्राथमिक शिक्षक. त्यांत पहिल्या बाकावर बसणारा इलाहीबक्ष मोमीन तिचा विशेष लाडका होता. चादरींच्या कारखान्यात माग चालवायचा, तिशी ओलांडलेली, घरी दोन मुली. वहीत फारसं लिहायचा नाही, पण तास संपेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरची नजर काढायचा नाही. एवढ्या मन लावून ऐकणारा विद्यार्थी मिळाला की शिक्षकाला आपण फार छान शिकवतो असं वाटू लागतं. रत्नम्मालाही वाटे. पहिल्या सत्रात भूगोलात तो पहिला आला, तेव्हा तिनं घरी जाऊन आईला चारदा सांगितलं.

बी.ए. झालास तर तुला हजेरीच्या खोलीत घेतो, असं कारखान्याच्या मालकानं त्याला कबूल केलं होतं. माग सुटणार, खुर्ची मिळणार. मात्र कॉलेजची एक रीत होती. जानेवारीच्या चाचणीत जो नापास होईल त्याचा विद्यापीठाचा फॉर्म जात नसे.

पेटीला काळोख लागे. वर्गाच्या खिडक्यांना धड झडपा नव्हत्या. इलाहीबक्षनंच मालकाला विचारून विणीत चूक राहिलेल्या सहा जाड चादरी आणल्या आणि रोज सकाळी खिडक्यांवर स्वतःच्या हातानं टांगायचं काम अंगावर घेतलं. अंधार झाला की रत्नम्मा वर्गाच्या मागे, पेटीपाशी उभी राही. समोर भिंतीवर नद्या, खाणी, बंदरं उजळत आणि मागून तिचा आवाज येई. तीन प्रकरणं तिनं अशी शिकवली. पोरं खूश, ती त्याहून खूश. प्राचार्यही एकदा दारातून डोकावून गेले. पुण्याच्या केंद्रात इतर प्राध्यापकांना ही साधनं शिकवायला वर्षभरासाठी एक जागा होती. तिथं तुमचंच नाव पाठवतो, असं ते म्हणाले. रत्नम्माला ती जागा इतकी हवी होती की तिनं कुणाजवळ त्याचा उच्चारसुद्धा केला नाही.

एकदा अंधारात तिनं इलाहीबक्षला प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारला, तरी नाही. वर्ग खुदखुदला. तिनं तिथूनच सुनावलं, की झोपायचंच असेल तर घरी झोपावं, माणसानं इथवर यायचे कष्ट तरी कशाला घ्यावेत. त्यावरही तो पाठमोरा शांत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधी आला आणि चादरींच्या फटींतून येणारा उजेडही त्यानं चिंध्या कोंबून बंद केला. हा माणूस आपली थट्टा करतोय, असं तिला वाटलं.

जानेवारीच्या चाचणीत आठ जण नापास झाले. सात जण एरवीही जेमतेम काठावरचे, त्यांची नावं वाचून तिनं कागद बाजूला ठेवला. आठवा इलाहीबक्ष. पहिल्या सत्राच्या भागावरची त्याची उत्तरं मोत्यासारखी होती. पेटीवर शिकवलेल्या तीन प्रकरणांपाशी पानंच्या पानं कोरी. तिला राग आला, आणि रागाच्या खाली वाईटही वाटलं. त्याला बोलावून आणायला शिपायाला पाठवलं, तर शिपाई परत येऊन म्हणाला की व्हरांड्यात मागून तीन हाका मारल्या, पठ्ठ्यानं वळूनही पाहिलं नाही, फार माजलाय. फॉर्म शनिवारी जायचे होते. नापासांच्या यादीवर सही करण्याआधी या माणसाला एकदा तोंडावर विचारायचंच, असं ठरवून गुरुवारी दुपारी ती स्वतः कारखान्यावर गेली.

आत पाऊल टाकलं आणि तिचे कान बधिर झाले. चाळीस माग एकदम खडखडत होते. मुकादमाला तिनं इलाहीबक्ष कुठं आहे ते विचारलं, पण आपण बोललो की नुसतं तोंड हलवलं हे तिचं तिलाच कळेना. मुकादमाला मात्र कळलं. त्यानं बोट दाखवलं.

आणि मग तिला ते दिसलं. या टोकाचा कामगार त्या टोकाच्या कामगाराशी गप्पा मारत होता. तोंड मोठं उघडून, ओठ ठसठशीत हलवून, मध्येच एक बोट, मध्येच भुवई. आवाज कसलाच नाही. एक विनोद त्या ओळीतून असा गेला की आठ जण एकामागून एक हसले, आणि हात कुणाचेच थांबले नाहीत. मधोमध इलाहीबक्ष होता, सगळ्यांत मोठ्यानं हसणारा. दुपारी हे हसणं आणि सकाळी माझ्या वर्गात झोप, असं ती चिडून स्वतःशीच पुटपुटली.

तो आठ माग पलीकडे होता. तिच्याकडे पाहत होता. त्याचं हसू मावळलं. शेजाऱ्याला माग सांभाळायची खूण करून तो जवळ आला आणि तिच्या कानाशी ओरडला, “झोपत न्हाय मॅडम. एक दिस बी झोपलो न्हाय.”

जे तिचं तिला ऐकू आलं नव्हतं, ते यानं तिथून कसं ऐकलं?

तिनं त्याला बाहेर बोलावलं. कारखान्याच्या मागं लिंबाखाली जरा निवांत होतं. ती रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली आणि तशीच, साध्या आवाजात, तिनं त्याच्या धाकट्या मुलीचं नाव विचारलं. उत्तर नाही. वळून पाहिलं, तर तो नम्रपणे, तिनं बोलायला सुरुवात करण्याची वाट पाहत उभा होता. व्हरांड्यातल्या तीन हाका, अंधारातला प्रश्न, फटींत कोंबलेल्या चिंध्या, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. दोन वर्षं भांडून आणलेल्या दिव्यानं तिनं या माणसाच्या पुढ्यातला उजेड काढून घेतला होता, आणि वर त्यालाच झोपाळू म्हटलं होतं.

मग त्यानं सांगितलं. बारा वर्षं मागावर झाली. आधी कानात शिट्ट्या वाजायच्या, नंतर त्याही थांबल्या. आता ढोल वाजला तर छातीत कळतो, एवढंच. पण मागावर सगळेच ओठांवर बोलतात, त्यामुळं समोरच्याचं तोंड दिसलं की त्याचं काही अडत नाही. त्या दिवशी तास संपल्यावर तिचा चढलेला चेहरा पाहून, फटींतून उजेड शिरतो म्हणूनच ती चिडली असं त्याला वाटलं होतं, म्हणून त्या चिंध्या. मुकादमाला अजून पत्ता नाही. कळलं तर हजेरीच्या खोलीत बहिऱ्याला कोण बसवणार?

“मला का नाही सांगितलंत?” तिनं विचारलं. विचारताना तिचे ओठ थरथरत होते, आणि ते आपण वाचतोय याचा त्याला संकोच झाला.

“तुमी दोन वर्सं भांडून मशीन आणली की. समदी पोरं खूश. मी एकटाच असा. एकट्यासाठी उजेड कसा मागू?”

कुणाला सांगू नका, एवढंच मागणं मागून तो पाळीवर परत गेला. घरी येईपर्यंत रत्नम्माचा पदर डोळ्यांपासून खाली आला नाही. चादरी टांगताना तो रोज स्टुलावर चढायचा आणि ती खालून आणखी वर, आणखी डावीकडे असं सांगायची, ते तिला राहून राहून आठवत होतं.

शुक्रवारी ती प्राचार्यांसमोर बसली. इलाहीबक्षचं कारण सांगता येत नव्हतं, शब्द दिला होता. एकट्याची फेरपरीक्षा मागितली तर हजार प्रश्न निघाले असते. म्हणून तिनं सगळ्या वर्गाचीच मागितली. अर्जात लिहिलं, की यंत्राच्या साहाय्यानं घेतलेल्या तीन प्रकरणांचं अध्यापन सदोष झालं असून दोष सर्वस्वी माझा आहे, सबब ती प्रकरणं पुन्हा शिकवून फेरपरीक्षा घेण्यास आणि तोवर नापासांचे फॉर्म राखून ठेवण्यास परवानगी मिळावी.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. हा कागद तुमच्या फाइलला लागणार, असं त्यांनी समजावलं. यंत्रावर शिकवणं फसलं असं स्वतःच लिहून देणाऱ्या बाईला यंत्रावर शिकवायला शिकवण्यासाठी पुण्याला कुठल्या तोंडानं पाठवू? माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. रत्नम्मालाही वाटत होतं, थोडंथोडकं नाही. तिनं सही केली.

विद्यापीठाकडून दंड न भरता पंधरा दिवसांची मुदत मिळाली आणि तीन प्रकरणं नव्यानं सुरू झाली. आता ती आधी खिडक्या झाकून पाच मिनिटं नुसतं चित्र दाखवी, तोंडातून एक शब्द काढत नसे. मग चादरी बाजूला सारायच्या, आणि वर्गापुढं, खिडकीच्या उजेडात उभं राहून बोलायचं. फळ्याकडं वळली की गप्प बसायची शिस्त तिनं स्वतःला लावून घेतली, आणि ती लावताना तिच्या नाकी नऊ आले. बोलता बोलता पाठ फिरवायची सवय किती जुनी आहे, हे तिला तेव्हा कळलं. इलाहीबक्ष पहिल्या बाकावरून पूर्वीसारखा पाहत असे. सगळं पूर्वीसारखं होतं, फक्त तिलाच आता आपला चेहरा हे केवढं काम करतो त्याची लाज आणि अपूर्वाई दोन्ही वाटत.

फेरपरीक्षेचे पेपर तिनं रविवारी दुपारी तपासले. इलाहीबक्षला अठ्ठावन्न. तिनं पेपर मांडीवर ठेवून खुशाल रडून घेतलं. मग पुढचा घेतला, नबीसाबचा. सत्तेचाळीस. रुद्रप्पा, बावन्न. ज्ञानबा, चव्वेचाळीस. दानम्मा, एकोणपन्नास. ज्यांची नावं वाचून तिनं कागद बाजूला ठेवला होता, ते सातही जण पास झाले होते, आणि काठावर नव्हे, चांगले. बाकी वर्गाचे गुण जिथल्या तिथं होते. तिनं प्रवेशाचे अर्ज काढून व्यवसायाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. माग. माग. मागाच्या कांड्या भरणं. माग. बोट खाली जाईना.

सोमवारी ती वर्गात आली तेव्हा पाळीच्या, बाजाराच्या गप्पांचा गलका चालू होता. तिनं कुणाला गप्प केलं नाही. खिडकीपाशी उजेडात जाऊन उभी राहिली आणि आवाज न काढता, नुसते ओठ ठसठशीत हलवून म्हणाली, “ज्यांचे फॉर्म राहिलेत, त्यांनी उठा.”

आठ जण उठले.

मागावर नसलेल्यांना वाटलं, मॅडम काहीतरी बोलल्या आणि गलक्यात आपल्यालाच तेवढं ऐकू आलं नाही. ते हळूहळू गप्प झाले. उभ्या राहिलेल्या आठांनी मात्र इकडं तिकडं पाहिलं. इलाहीबक्ष मागं वळला. तिसऱ्या बाकापाशी दानम्मा उभी होती, भिंतीकडेला नबीसाब, त्याच्यामागं रुद्रप्पा आणि ज्ञानबा. तीन वर्षं ही माणसं एका खोलीत बसत होती. दानम्मानं त्याच्याकडं बघून ओठ हलवले, “तू बी?” त्यानं मान हलवली. मग फॉर्म घेऊन आठही जण टेबलाशी आले, आणि रत्नम्मा एकेकाच्या फॉर्मवर सही करू लागली.