तिवईवरचे दोन खळगे

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. जुनी आणि थोडी लंगडी. माझ्या गोष्टीत रक्त आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी कुरकुर करायला नको.

माझा जन्मच मारहाणीतला. खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात जाड फळीला गाठ निघाली म्हणून ती फेकून दिली होती. थोरल्या मालकांनी ती उचलली, करवतीखाली घातली, रंध्याने सोलली, भोकं पाडली आणि तीन पाय हातोडीने ठोकून बसवले. तीन पायांची वस्तू कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, म्हणून तीन. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात. मला तिवईपण आलं, आणि मी त्यात खूश होते.

माझी जागा ऑफिसच्या मागच्या खोलीत होती. थोरले मालक भयंकर तापट होते, पण त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. कुणाचा राग आला की त्या माणसाला बोलावण्याआधी ते आत यायचे, जमिनीवर गुडघे टेकायचे, कोपरं माझ्यावर रोवायचे आणि प्रभू येशूपुढे त्या माणसाचं नाव घ्यायचे. "प्रभू, याला आज मी सोडत नाही. तूच मला धर," असं दातओठ खात म्हणायचे. एकदा तर त्यांनी माझ्यावर कपाळ आपटून घेतलं. मग बाहेर जाऊन त्या माणसाशी बोलायचे. आवाज चढलेला असायचा, पण हात खिशात असायचे. वीस वर्षांत त्यांच्या कोपरांनी माझ्या पाठीवर दोन खळगे पाडले. मला त्या खळग्यांचा फार अभिमान होता.

थोरले वारले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. काम दुप्पट वाढलं होतं. दारात ट्रक खोळंबलेले, करवतीचं पातं तुटलेलं, फोनची घंटा थांबत नाही. धाकट्यांनीही वडिलांची रीत पाळली, फक्त क्रम उलटा केला. आधी हात, मग प्रार्थना. पॅकिंगवाल्याच्या मुस्काटात अशी बसली की त्याचा ओठ फाटला. ड्रायव्हरला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. मग आत येऊन माझ्यावर डोकं टेकून रडायचे, क्षमा मागायचे, तोंड धुऊन हलके होऊन बाहेर जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा त्यांच्या बाहीवरचं रक्त माझ्या खळग्यात वाळलं. ते त्यांचं नव्हतं. मला किळस आली, मित्रांनो.

थोरल्यांच्या वेळेपासूनचे एक मिस्त्री होते. एका सकाळी त्यांनी मोठी करवत बंद केली, कारण पात्यावरची जाळी तुटली होती. धाकट्यांनी त्यांना ओढत मागच्या खोलीत आणलं.

"कारखान्याचा मालक कोण? मी की तुम्ही?"

"मालक तुम्हीच. पण बोटं कामगारांची जातील. जाळी बसल्याशिवाय मी करवत लावणार नाही." मग मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "थोरले असते तर आधी हिच्यापाशी गेले असते, मग मला बोलावलं असतं."

मालकांनी मला पायाला धरून उचललं. मी मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यावर आदळले. हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. माझाही एक पाय मोडला. मला थांबता आलं नाही, याचं दुःख अजून आहे.

आणि मालकांनी काय करावं? सवयीने गुडघे टेकले आणि कोपरं माझ्यावर ठेवली. दोन पायांवर मी कशी उभी राहणार? मी कोसळले, ते तोंडावर पडले. त्यांची बायको धावत आली. सगळे तिला वहिनी म्हणत. मिस्त्रींच्या डोळ्यावर रुमाल दाबून ती म्हणाली, "देवाची क्षमा रोज मागता. यांची एकदा तरी मागितलीत?"

आठ दिवसांनी मालक मला काखोटीला मारून मिस्त्रींच्या घरी गेले. मिस्त्रींचा डावा डोळा गेला होता. मालकांनी फरशीवर गुडघे टेकले. या वेळी कोपरांखाली काही नव्हतं.

"काका, चुकलो."

मिस्त्री म्हणाले, "मी पोलिसांत तक्रार देणार आहे."

"द्या. मी काही नाकारणार नाही."

"मग उठा. आणि तिवई इथे ठेवून जा. पाय बसवतो तिचा."

तक्रार झाली. मालकांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. तोवर वहिनींनी कारखाना चालवला, आणि सगळ्यात आधी करवतीला नवी जाळी बसवून घेतली.

मिस्त्रींनी एका डोळ्याने बसवलेला माझा पाय जरा आखूड झाला. मी डुगडुगत नाही, पण कलते. आता माझी जागा बंद खोलीत नाही, मोठ्या करवतीशेजारी आहे. राग आला की मालक सगळ्यांदेखत माझ्यापाशी येतात आणि त्या माणसाचं नाव घेतात. मुठी अजून आवळतात. त्या ते माझ्यावर दाबून धरतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. फक्त हात उचलण्याआधी माझ्यासारख्या तिवईपाशी या. नंतर आलात तरी मी आधार देईन, पण ज्याला लागलं त्याच्याकडे तुम्हालाच जावं लागेल.

मिस्त्रींना डावीकडून आलेला माणूस दिसत नाही. त्या बाजूने कुणी आलं की ते दचकून डोक्यावर हात धरतात. म्हणून मालक लांबूनच सांगत येतात, "काका, मी आहे."