मेयरनं पाठवलेली शवपेटी

सकाळी सात वाजता समार बेटावरच्या शाळेत मतदान सुरू झालं, तेव्हा नेनिता रांगेत पहिली होती. तिच्या मुलाचा खून घडवल्याचा आरोप मेयर अबेयानवर आहे, आणि मारेकऱ्याला पाहणारी एकटी तीच.

"आई, त्यालाच मत देणार?" सून एदनानं विचारलं.

"हळू बोल गं! शवपेटी कुणी पाठवली? मयताच्या जागरणाला कॉफी कुणाची होती? तुझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला तो."

"म्हणून काय खून माफ?"

"त्यानं मारलं असेल, तर मी माझ्या रोदेलला खुन्याच्याच पेटीत पुरलंय. हे मी कसं मानू?"

सासू आत गेली आणि बोटाला शाई लावून बाहेर आली.

संध्याकाळी अबेयान जिंकला. खुनाच्या खटल्यात नेनिताची साक्ष सोमवारी आहे. जाणार की नाही, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.