बुडणारे जहाज

"नऊतून चार गेले, किती उरले?" आर्डिसने विचारले.

"पाच," रॉबिन म्हणाली आणि तिने संगणकावर सत्तर लिहिले.

पडद्यावरचे जहाज मधोमध मोडले आणि बुडबुडे सोडत तळाशी गेले. अख्खी तिसरी खिदळली.

"अगं, येतंय ना तुला? मग सत्तर कशाला?"

"बरोबर लिहिलं की ते नुसतं निघून जातं, बाई. बुडवायला मजा येते."

आर्डिस नायलंडने डलुथ या बंदराच्या शहरात एकोणीस वर्षे तिसरीलाच शिकवले होते. लायल नावाच्या गृहस्थाने गालिच्यांच्या दुकानामागे मुलांसाठी संगणकाचे खेळ बनवणारी कंपनी काढली, तेव्हा ती शाळा सोडून त्याच्याकडे आली. वजाबाकीचा हा खेळ तिचाच. तिने रचला तेव्हा उत्तर चुकले की जहाज धक्क्यालाच थांबे आणि त्यात भरायचे खनिजाचे डबे एकेक करून मोजून दाखवी. बुडणे लायलने मागाहून घुसडले होते, तिला न विचारता.

आज ती हा नवा खेळ मुलांना देऊन पाहायला शाळेत गेली होती; तिथून थेट लायलच्या टेबलापाशी आली. अंगावरचा कोटही तिने काढला नाही.

"पोरं मुद्दाम चुकतायत, लायल."

"हसत होती की नाही?"

"पोट धरधरून. वजाबाकी मात्र एकही पोर करत नव्हतं."

"संगणकांचा दुकानदार म्हणतो, पोरं मशीनपासून हलत नाहीत. धक्क्याला उभं असलेलं जहाज बघत कोण बसणार? तू अजून वर्गातून बाहेरच आली नाहीस, आर्डिस."

"खेळ वर्गासाठीच आहे ना?"

लायलने खेळाचा छापून आलेला खोका तिच्यापुढे सरकवला. वर बुडणारे जहाज होते आणि खाली ओळ होती: 'अनुभवी शिक्षिकेने तयार केलेला खेळ.'

"ही ओळ तरी काढ."

"छापून झालंय सगळं."

प्रोग्राम लिहिणारा ग्रेग पलीकडे मान खाली घालून सगळे ऐकत होता. लायल बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "एक बटण ठेवतो तुझ्यासाठी. खेळ सुरू होताना ते दाबून धरलं की जहाज बुडणार नाही, डबे मोजेल."

बटण ठेवले गेले. पण पुस्तिकेत त्याची ओळ घालायला लायलने साफ नकार दिला. आपणच आपल्या मालाला नावं ठेवायची का, म्हणाला.

खेळ धडाक्यात खपला. आर्डिसला आता नवे काही रचायला मिळेना. शाळांचे फोन घेण्याचे काम तिच्याकडे आले. वैतागलेल्या शिक्षिका तेच ते विचारत, आणि ती प्रत्येकीला ते बटण सांगे. दोन वर्षे तिने तेवढेच केले.

एका सकाळी नेब्रास्काहून एका बाईंचा फोन आला. "पोरं नुसती जहाजं बुडवतायत हो. हा खेळ बनवणाऱ्या शिक्षिकेनं कधी वर्ग पाहिलाय का?"

आर्डिसने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खेळ बंद करून पुन्हा लावा," ती म्हणाली. "आता स्पेसबारच्या शेजारचं डावीकडचं बटण दाबून धरा. धरलंत?"

"धरलं. हे पुस्तिकेत का नाही?"

"राहून गेलं."

तिकडे मुलांचा निराश सूर उठला. कुणीतरी विचारले, "बुडत का नाहीये?" मग कुरकुर हळूहळू थांबली, आणि एक बारीक आवाज डब्यांबरोबर मोजू लागला. एक. दोन. तीन.

"थँक यू हं," बाई म्हणाल्या. "ठेवू का फोन?"

"एवढं मोजून होऊ द्या," आर्डिस म्हणाली.