जहाजाचा देश

तिसगावच्या बाजारतळावर गावातल्याच तरुण सम्राटचा फ्लेक्स लागला: ‘आंतरराष्ट्रीय जहाजावर निवड’. जहाजाचे छायाचित्र त्याच्या चेहऱ्यापेक्षा मोठे होते. तंत्रनिकेतनात तीस वर्षे वेल्डिंग शिकवल्यामुळे मी ते बारकाईने पाहिले.

जहाजाच्या मागील बाजूस त्याचे नाव आणि नोंदणीचे बंदर लिहितात. पुष्कळदा ही अक्षरे वेल्डिंगने उठवून मग रंगवलेली असतात. येथे रंगवलेले नाव एक होते आणि रंगाखालून उठून दिसणारे नाव दुसरेच. जुनी अक्षरे ग्राइंडरने घासण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. इतकी आळशी लबाडी मी नापास विद्यार्थ्यांतही पाहिलेली नाही.

नाव, मालक, ध्वज, सारे बदलता येते. जहाजाचा सात आकडी क्रमांक मात्र कायम राहतो. सम्राटकडून त्याचे करारपत्र मागून घेतले, त्यावर तो होता. करारात ज्या देशाचा ध्वज लिहिला होता, तेथील नोंदणी कार्यालयाला मी ईमेल केला. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले: हे जहाज आमच्याकडे नोंदलेले नाही, प्रमाणपत्र बनावट आहे.

सम्राट मंगळवारी निघणार होता. रविवारी त्याला नोकरी लावून देणारा एजंट रविराज नगरहून त्याच्या घरी सत्काराला आला, तेव्हा मी ते उत्तर सम्राटच्या आईवडिलांसमोर वाचून दाखवले.

“सर, कागदाचं एवढं काय घेऊन बसलात?” रविराज हसला. “जहाज तरंगतंय ना?”

“ओंडकाही तरंगतो. त्यावर कोणी नोकरीला जात नाही.”

सम्राटचे वडील कारभारी गोंधळले. “पन मालक परदेशी हाय म्हनं. मंग सरकार बी त्याचंच आसंल की.”

“मालक एका देशाचा आणि ध्वज दुसऱ्याचा, हे चालतं, कारभारी. पण ज्या देशात नोंद, त्याचाच कायदा जहाजावर. इथं नोंदच नाही. उद्या पगार थांबला, हात यंत्रात गेला, तर कोणत्या सरकारकडे जाल?”

रविराज अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलला आणि प्रसन्न चेहऱ्याने परतला. “झालं काम! मंगळवारपर्यंत दुसरा ध्वज चढतो. तीन पर्याय आहेत. सर, तुम्हीच सांगा, कोणता देश लावू?”

लग्नातल्या फेट्यांचा रंग विचारावा, तसा त्याचा सूर होता.

सम्राट अजूनही घुटमळत होता. “सर, एकदा चढलो की अनुभव तरी लागंल. पुढं अधिकाऱ्याची परीक्षा देता येईल.”

“बनावट नोंदीच्या जहाजावरची सेवा परीक्षेला धरत नाहीत. वर्ष जाईल आणि तू इथंच असशील.”

सम्राटने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग रविराजपुढे हात केला. “माझी सीडीसी द्या.”

खलाशाचे ते ओळखपुस्तक नसेल, तर कोणत्याच जहाजावर चढता येत नाही. रविराज म्हणाला, “ती ऑफिसला आहे.”

“आत्ता तर बॅगेतून काढून शेजाऱ्यांस्नी दाखवत हुता की,” सम्राटची आई विमलबाई म्हणाल्या. “काढा भाईर.”

पुस्तक निघाले. सम्राटने पाने तपासून ते आईकडे दिले.

गाडीत बसता बसता रविराजने काच खाली केली. “मावशी, गावात दहावी झालेलं दुसरं कोणी आहे का? जागा तशीच रिकामी आहे.”

विमलबाईंनी पुस्तक पदराखाली घेतले. “तुमची झाली आसंल की दहावी. तुमीच जावा.”