तीन दिवसांत रिकामी होणारी बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. गंगाराम मिस्त्रीच्या शेडमध्ये कोपऱ्यात पडून असते. काळ्या रबराची पेटी, आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब, एवढाच माझा देह. परदेशातल्या कारखान्यात मी तयार झाले. मुंबईहून बोटीने रत्नागिरीला आले आणि १९३१ साली आत्मारामशेटच्या मोटारीत, ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली बसले. शेट आंब्याचे व्यापारी. मोटार धाकू चालवायचा. तो बंदराजवळच्या मिरकरवाडा वस्तीतला, मुंबईत मोटारींचं काम शिकून आलेला.

तीन वर्षं माझी तक्रार नव्हती. शेटच्या पत्नी गुणवंतीवहिनी गाडीत बसताना म्हणायच्या, "धाकू, तुझी गाडी माझ्या चुलीपेक्षा लवकर पेटते रे." मला ते ऐकून बरं वाटायचं.

१९३४ च्या चैत्रात शेट आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला गेले होते. बागेतल्या घरात वहिनी एकट्याच होत्या आणि त्यांना सातव्या महिन्यातच कळा येऊ लागल्या. धाकूने त्यांना मागच्या सीटवर निजवलं. इस्पितळ नऊ मैल. त्याने गाडी एवढी पळवली की माझं तेजाब आत हिंदकळत होतं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, यांचा जीव वाटेतच गेला.

शेट तिसऱ्या दिवशी परतले. दिवस झाले, तेरावं झालं. त्यानंतर शेट मागच्या सीटवर कधी बसले नाहीत, धाकूच्या शेजारी बसू लागले.

तेव्हापासून माझी शक्ती जाऊ लागली. गाडी तीन दिवस उभी राहिली की मी रिकामी. बटण दाबलं तर नुसता आवाज. धाकूने हँडल मारून पाहिलं, पण मी रिकामी असले की इंजिनला ठिणगीही मिळत नाही. कोणीतरी थेंब थेंब माझं रक्त काढत होतं. कुठे जातं ते मला दिसत नव्हतं.

शेट म्हणाले, बॅटरी खराब. मला दोनदा भरून आणलं, तरी तेच. मग त्यांचा संशय धाकूवर गेला. तो रात्री गाडी मिरकरवाड्याला नेतो, दिवे लावून जातभाईंना फिरवतो, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. धाकूने नाही म्हटलं, पण नजर वर केली नाही. आषाढात शेटनी गंगारामला बोलावलं आणि धाकूच्या देखत सांगितलं की गाडीत दोष सापडला नाही तर दोष धाकूचा, मग त्याने दुसरीकडे काम बघावं.

गंगारामने फळी उचलली. माझी एक जाड तार सोडवली आणि तार व माझ्यामध्ये एक छोटा बल्ब धरला. गाडीतली सगळी बटणं बंद होती. बल्ब पेटायला नको होता, पण विडीच्या टोकासारखा लाल झाला.

"शेट, गाय चांगली आहे," गंगाराम म्हणाला. "कोणीतरी चोरून दूध काढतंय."

त्याने एकेक तार सोडवून पाहिली. हॉर्नची काढली, बल्ब लालच. पुढच्या दिव्यांची काढली, डायनामोची काढली, तरी लालच. मग स्टार्टरजवळ, जिथे माझी जाड तार जाते, तिथे त्याला एक बारीक तार दिसली, फडकं गुंडाळलेली. ती काढताच बल्ब विझला. दोन्ही तारा परत लावून तो त्या बारीक तारेच्या मागे गेला. ती चटईखालून मागच्या सीटकडे जात होती. त्याने सीट उचलली. खाली करवंदाएवढा दिवा जळत होता.

"हे कोणी केलं?" शेटनी विचारलं.

"मीच, शेट," धाकू म्हणाला. "जीव जातो तिथं दहा दिस दिवा ठेवतात. घरात ठेवलात तुम्ही, पन जीव हितं गेला. पेट्रोलच्या गाडीत पनती कशी ठेवनार?"

"दहा दिवस कधीच झाले."

"काढायला गेलो दोन-चार येळा. हात उचलला नाय."

"का?"

धाकू मडगार्डला धरून उभा होता. "वैनींनी पानी मागितलानी. वाटेत विहीर होती. मी गाडी थांबवली नाय. म्हटलं, आधी इस्पितळ गाठूया. दुसऱ्यांदा मागितलानी, तवाबी नाय थांबवली. मग त्या बोलल्याच नाय."

शेट वाकले. त्यांनी तो तापलेला दिवा बोटांनी फिरवून काढला आणि मुठीत धरला. मग दुसरा हात पुढे केला.

"चावी दे."

गंगाराम पुटपुटला की नऊ मैलांत कोणीच थांबलं नसतं. शेटचा हात तसाच पुढे होता. धाकूने चावी दिली आणि तो पावसातून चालत गेला. रात्रीच्या फेऱ्यांचा आळ खोटा ठरला, तरी त्याची नोकरी गेली.

गाडीत दोष उरला नव्हता. पण शेटनी ती पुन्हा बाहेर काढलीच नाही. मी तशीच उभ्या उभ्या सुकले. पुढे गाडी विकली गेली आणि मी इथे आले. बल्ब लावला तर आता तो लालही होत नाही.

मित्रांनो, त्या दोघांत कोण चुकलं हे मला अजून ठरवता येत नाही. एवढं ठाऊक आहे की शेटनी तीन महिने धाकूला माझ्याबद्दल विचारलं, दिव्यांबद्दल विचारलं, रात्रीच्या फेऱ्यांबद्दल विचारलं. वहिनींबद्दल एकदाही विचारलं नाही. तुमच्या घरातलं माणूस गेलं, तर शेवटी त्याच्याजवळ जो होता त्याला लवकर बोलवा. त्याला बसवा. काय झालं ते विचारा. ऐकवणार नाही, तरी त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. चावी मागायचीच असेल, तर त्यानंतर एक रात्र जाऊ द्या.