पुडिंगचा साचा आणि हिराक्काचा रुसवा

मी एक जुना पुडिंगचा साचा आहे. ॲल्युमिनियमचा, पाकळ्यापाकळ्यांचा. हिराक्काने मला कोल्हापूरच्या बाजारातून कुरुंदवाडला आणले, तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो.

मित्रांनो, त्या काळी माझा फार थाट होता. गल्लीत बारसे असो की ईद, पुडिंग माझ्यातच लागायचे. समोरच्या घरातल्या जैतूनबीला ते जीव की प्राण. मग तयार आइस्क्रीमचे डबे आले आणि मी माळ्यावर गेलो. कोळ्याने माझ्यात जाळे विणले.

गेल्या उन्हाळ्यात जैतूनबीच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी तिला बोलायला मनाई केली. पेज पिऊन ती कंटाळली. मग हिराक्काने मला खाली काढले, चिंचेने घासले. नेहमीचा चायना ग्रास, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाच्या पांढऱ्या पट्ट्या, त्या दिवशी दुकानात नव्हता. दुकानदाराने एक पावडर दिली. तिने वेलदोडा घालून पुडिंग लावले आणि मला पदराखाली झाकून समोर नेले.

जैतूनबीने चमचा उचलला आणि खुणेनेच विचारले, चायना ग्रास घातलास ना? हिराक्काने पावडरीचे सांगितले. जैतूनबीने चमचा खाली ठेवला आणि नको म्हणून मान हलवली.

हिराक्काचा चेहरा उतरला. जन्मभर माझ्या हातचे खाल्ले, आणि आज हिला शंका येते, असे तिला वाटले. ती मला घेऊन परतली. आपणच खाऊ, असे सुनेला, दानेश्वरीला म्हणाली आणि वाटी ओढली.

इतक्यात भिंतीला धरत जैतूनबी दारात आली. गळ्याला पट्टी तशीच होती.

"अक्का, तू खाल्लं न्हाईस न्हवं?" तिचा आवाज फाटका येत होता.

हिराक्काने नाही म्हणून मान हलवली.

"जिलेटिन असणार त्यात. जनावराच्या हाडाकातड्याचं. हलाल जनावराचं असंल तर आमास्नी चालतंय, पर ह्ये कुठल्या जनावराचं, काय ठावं? म्हणून मी सोडलं." ती दम खायला थांबली. "तू तर लिंगायत. तुझ्या घरात अंडंबी येत न्हाय. म्हणून आले."

दानेश्वरीने कचऱ्यातली पुडी काढून पाहिली. त्यावर मांसाहाराची तपकिरी खूण होती.

हिराक्काने वाटी दूर सारली. जैतूनबीला धरून पाटावर बसवले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "बोलायचं नव्हतं की गं तुला," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी जयसिंगपूरहून चायना ग्रास घेऊन आली. या वेळी हिराक्काने पाकीट आधी जैतूनबीला दाखवले. तिने हिरवा ठिपका पाहिला आणि हसून होकार दिला. पुडिंग घट्ट लागले. जैतूनबीने बिस्मिल्ला म्हणून पहिला चमचा घेतला. तो घास गळ्याखाली उतरेपर्यंत हिराक्का श्वास रोखून बसली होती.

मित्रांनो, माझा पत्रा आता काळवंडला आहे, पण माझे एवढे ऐका. ताटात काय आहे, असे कुणी विचारले तर रुसू नका. आणि मायेने कुणाला भरवायचे असेल, तर त्याला काय चालते ते आधी विचारा. विचारण्यातही मायाच असते.